अर्ध्या टक्क्याची घरं

सोडतीच्या आधीच लोरीन बॅकाने वॉशिंग मशीन घेऊन ठेवलं होतं. घेतलं घाटाखालच्या फेल्टन गावातल्या मोठ्या दुकानातून. फेल्टनलाच राहणाऱ्या भावाची, गिलची, पिकअप तिने मागून घेतली. दोघांनी मिळून मशीन चढवलं, वर निळी ताडपत्री बांधली.

"घर लागलं नाही तर?" गिलने विचारलं.

"चौदा चेंडू आहेत माझे."

"ते ठीक आहे गं. पण नाहीच लागलं तर?"

"तू दोरी ओढ."

घाट चढून तिने मशीन हॅरो क्रीकला आणलं. तिच्या भाड्याच्या तळघरात त्याला जागा नव्हती आणि नळही नव्हता, म्हणून ते पिकअपमध्येच राहिलं. गिल तोवर तिची गाडी वापरणार होता. आठवड्याभराचा तर प्रश्न होता.

आमच्या गावात घरांची सोडत चेंडूंनी निघते. गावात जितकी वर्षं काम केलं तितके चेंडू तुमच्या नावावर. लोरीन चौदा वर्षं स्कीच्या दुकानात बूट बसवत होती. पाहुण्यांच्या पायांची मापं घेणं, घोट्याशी कुठे दाबतंय ते ओळखणं आणि बुटाचं कवच तापवून तिथे एक-दोन मिलिमीटर फुगवणं हे तिचं काम. त्यामुळे तिचे चेंडू चौदा. घरं नऊ, चेंडू तीनशेच्या वर. बसून हिशेब केला तर तिला घर लागण्याची शक्यता साधारण तीनात एक निघते, म्हणजे न लागण्याची त्याच्या दुप्पट. पण लोरीन तसा हिशेब करत नव्हती. बाकीच्यांपेक्षा आपले चेंडू जास्त, म्हणजे आपला हक्क जास्त, आणि ज्याचा हक्क जास्त त्याला घर, असं तिने धरलं होतं.

शिवाय ही घरं उभी राहिली त्यात तिचा हातही होता. दोन वर्षांपूर्वी गावाच्या विक्रीकरात अर्धा टक्का वाढवायचा आणि तो सगळा पैसा इथे राबणाऱ्यांच्या घरांसाठी बाजूला ठेवायचा, असा ठराव मतदानाला आला होता. ऑक्टोबरचा पहिला बर्फ पडत असताना लोरीन दारोदार फिरली. "कर भरणार पाहुणे, राहणार आपण," हे तिचं ठरलेलं वाक्य. एका घरच्या कुत्र्याने तिची पँट फाडली, तर तिने त्याच घरी दुसऱ्या दिवशी दुसरी पँट घालून जाऊन मत मागितलं. ठराव थोडक्यात पास झाला. त्या कराच्या भरवशावर नगर परिषदेने कर्ज काढलं आणि नदीच्या वळणावर नऊ घरांची पहिली रांग बांधली. किंमत बाजाराच्या निम्म्याहून कमी. अट एवढीच की घेणाऱ्याने वर्षातले निदान नऊ महिने गावात काम करायचं, आणि उद्या विकायचं झालं तर ठरलेल्या भावात गावातल्याच कामकऱ्याला विकायचं. लोक त्यांना अर्ध्या टक्क्याची घरं म्हणू लागले.

रांग उभी राहत असताना लोरीन दुपारच्या सुट्टीत तिथे जायची. भिंतींच्या जागी नुसते लाकडी सांगाडे होते तेव्हाच, पायांची मापं घ्यायच्या टेपने, तिने जिन्याखालची जागा मोजली होती. नऊही घरं एका नकाशाची, त्यामुळे कुठलंही लागलं तरी चालणार होतं. मशीन तिने त्या मापाचं घेतलं होतं.

डॅफ्नी ओल्सेनला यातलं काही माहीत नव्हतं. तिला विचारलं असतं तर घरांच्या भिंतींचा रंगही सांगता आला नसता. ती बेकरीत काम करायची, बेकरीच्या वरच्या खोलीत राहायची आणि दर रविवारी लोरीनसोबत नाण्यांवर चालणाऱ्या लाँड्रीत बसायची. पाच वर्षं हा नेम होता. दोघी आपापल्या पिशव्या ओढत यायच्या, शेजारशेजारच्या मशीनमध्ये कपडे टाकायच्या आणि शेवटी एकमेकींच्या चादरींची टोकं धरून घड्या घालायच्या. मतदानाच्या वेळी डॅफ्नी याच लाँड्रीत म्हणाली होती, "म्हणजे आता माझ्या दालचिनीच्या रोलवरही तुझा कर? मी नाही देणार मत." आणि दिलंही नाही. नंतर येऊन हसत सांगितलं.

आणि घर तिला लागलं.

सोडत अग्निशमन केंद्रात होती. दोन्ही बंब बाहेर काढून खुर्च्या मांडल्या होत्या. मागे टेबलावर हिरव्या मिरचीच्या रश्श्याची मोठी पातेली आणि डॅफ्नीने आणलेले रोल. घरांच्या समितीची अध्यक्ष विनोना टाफोया एरवी शाळेची बस चालवते. बिंगोचा तारेचा पिंजरा ती हँडलने फिरवत होती आणि एकेक चेंडू काढत होती.

लोरीन पुढे वाकून बसली होती.

"इतकं काय वाकून बघतेस?" डॅफ्नी म्हणाली. "चेंडूंना तुझा चेहरा पाठ आहे का?"

"चौदा आहेत. एखादा तरी ओळख देईल."

आठ चेंडू निघाले. नववा काढून विनोनाने चष्मा वर सरकवला. "दोनशे सहा."

डॅफ्नीने हातातला कागद उलटा धरला, मग सुलटा. "लोरीन, बघ ना. हा सहा आहे की आठ?"

लोरीनने बघितलं. "सहा."

"नक्की?"

"सहा आहे गं. सहा."

मग प्रतीक्षा यादीचा पहिला चेंडू निघाला. एक्केचाळीस. तो लोरीनचा होता.

लोकांनी तिच्यासाठीही टाळ्या वाजवल्या. डॅफ्नीने तिला मिठी मारली. डॅफ्नीच्या केसांना नेहमीसारखा दालचिनीचा वास येत होता, आणि पाच वर्षांत पहिल्यांदा लोरीनला तो नकोसा झाला.

पुढच्या रविवारी डॅफ्नी लाँड्रीत रंगांच्या पट्ट्या घेऊन आली.

"स्वयंपाकघराला हा की हा?"

"दोन्ही सारखेच आहेत."

"सारखे कसे? हा लोण्याचा आहे, हा सायीचा." तिने पट्ट्या पिशवीत टाकल्या. "बरं ऐक. तुझा घरमालक जुलैपासून तळघर पाहुण्यांना रोजाने देणार आहे ना? मग वरची छोटी खोली तू घे. मी विनोनाला विचारलं. इथे काम करणाऱ्याला खोली भाड्याने द्यायला नियमाची आडकाठी नाही. आताच्यापेक्षा भाडं कमी घेईन."

"बघते."

"बघते काय? हो म्हण."

"म्हटलं ना, बघते."

ती छोटी खोली लोरीनला पुरती माहीत होती. खिडकी पूर्वेला, कपाट उथळ. तिथे तिने मनातल्या मनात केव्हाच शिलाई मशीन मांडलं होतं. आता तिथे तिला स्वतःलाच मांडून घ्यायचं होतं, आणि तेही डॅफ्नीला भाडं देऊन.

त्यानंतर डॅफ्नीचं काहीही तिला सहन होईना. डॅफ्नी "माझं छप्पर" म्हणायची. "माझ्या अंगणात सूर्यफुलं येतील का गं, इतक्या उंचीवर?" असं विचारायची. बेकरीत गेलं की गल्ल्यामागून ओरडायची, "शेजारीण आली," आणि मग दुरुस्त करायची, "म्हणजे भाडेकरीण." गिऱ्हाईकं हसायची. लोरीनही हसायची आणि पाव घेऊन बाहेर पडायची. नंतर नंतर पावही खालून, फेल्टनहून आणू लागली. बाकीचं सगळं ती तिथूनच आणायची, तसे आम्ही सगळेच आणतो. गावातल्या दुकानातून मशीन घरपोच मागवलं तर गावाचा कर लागतो. खाली जाऊन स्वतः उचलून आणलं तर फेल्टनचा, आणि तो कमी. म्हणून आमच्याकडे ज्याच्याजवळ पिकअप असते त्याला मित्रांची कमी नसते. शनिवार-रविवारी घाटातून ताडपत्र्यांची रांग वर येते. गंमत म्हणजे डॅफ्नीकडे गाडी नव्हती, त्यामुळे तिचं सगळं सामान गावातलंच असायचं.

बुटाच्या दुकानात एका दुपारी, पाहुणे नव्हते तेव्हा, लोरीनला मागचं वर्ष आठवलं. सप्टेंबरच्या मध्याला डॅफ्नी नेब्रास्काला आईकडे गेली होती आणि थेट नवं वर्ष उजाडल्यावर परतली होती. म्हणजे मागच्या वर्षात तिने गावात काम केलं फक्त साडेआठ महिने. अर्जाआधीच्या वर्षालाही नियम नऊचाच होता.

ती उठली, दुकानाला कुलूप लावलं आणि समितीच्या कचेरीत गेली. विनोना बसच्या फेरीआधी जेवत होती.

"समज एखाद्याला घर लागलं," लोरीन म्हणाली, "आणि त्याचे नऊ महिने भरत नसतील, तर?"

"तर घर प्रतीक्षा यादीतल्या पहिल्या नावाला." विनोनाने सँडविच खाली ठेवलं. "ते नाव तुझं आहे."

"मी नुसतं विचारतेय."

"नुसतं विचारायला कुलूप लावून कुणी येत नाही. तक्रार असेल तर मंगळवारच्या सभेत. माइकवर, सगळ्यांसमोर, तीन मिनिटं. निनावी चालत नाही. नाव लिहू?"

लोरीनने खिडकीतून बाहेर बघितलं. पिकअप तिथे उभी होती. "लिही."

विनोनाने लिहिलं. मग म्हणाली, "दुसऱ्या रांगेचा नियम माहीत आहे ना? पुढच्या वसंतात ती उभी राहिली की पहिलं घर तुझं. सोडत नाही, चेंडू नाही. करारपत्रावर सही आणि चावी."

"माहीत आहे."

"मग जरा विचार कर. मंगळवारपर्यंत नाव खोडता येतं."

लोरीनने विचार केला. सोमवारी तिने तक्रारीचा बेत सोडला. पुढचा वसंत काही फार लांब नव्हता. तोवर गिलकडे राहता येईल, बसने ये-जा करता येईल, आणि डॅफ्नीच्या शेजारीच आपलं घर होईल, तेवढंच, त्याच मापाचं. मग डॅफ्नीने लोण्याचा रंग दिला तर आपण सायीचा देऊ. हे डोक्यात आल्यावर तिला त्या रात्री शांत झोप लागली.

मंगळवारी संध्याकाळी ती नगर परिषदेत पोहोचली तेव्हा सभागृह भरलं होतं. जूनचं ऊन अजून खिडक्यांत होतं. नाव खोडायला ती विनोनाकडे निघाली तर डॅफ्नीने तिची बाही ओढली.

"इकडे बस. जागा धरलीय तुझ्यासाठी."

"एक मिनिट."

"अगं, सुरू झालं. बस."

खरंच सुरू झालं होतं. खजिनदार उठून उभे राहिले. जरा खाकरले. मागच्या मोसमातला विक्रीकर अपेक्षेपेक्षा बराच कमी आला आहे, असं त्यांनी सांगितलं. घरांच्या अर्ध्या टक्क्यात पहिल्या कर्जाचा हप्ता निघेल. दुसऱ्या रांगेसाठी नवं कर्ज काढण्याइतकं मात्र काही उरत नाही. काम निदान दोन वर्षं पुढे ढकलावं लागेल.

"पाहुणे कमी आले का?" कुणीतरी विचारलं.

"नाही. पाहुणे होते तेवढेच. त्यांच्या महिन्यांतला कर ठीक आहे." खजिनदारांनी चष्मा काढला. "पडलाय तो एप्रिल-मे मध्ये. चिखलाच्या दिवसांत."

त्या दिवसांत बर्फ वितळतो, स्कीवाल्यांना डोंगरावर नेणारे पाळणे बंद असतात आणि गावात फक्त आम्ही असतो. सभागृहात कुणी कुणाकडे बघेना.

मागच्या ओळीतून म्हातारा ऑर्व्हिल स्ट्राउड उठला. गावातलं फ्रीज, शेगड्या आणि खिळ्यांचं एकमेव दुकान त्याचं. "मी सांगतो कसा पडला," तो म्हणाला. "माझं दुकान घाटाच्या तोंडाशी आहे. रविवारी दारात खुर्ची टाकून बसतो. तुम्ही सगळे जाता. मला हात करता. इकडे हात करता, पोरांनो, आणि मागे माझ्या धंद्यावर ताडपत्री घातलेली असते."

लोक हसले.

"ऑर्व्हिल, तुझ्याकडे साधी कडी मागितली तरी तीन आठवडे लागतात," मागून एक जण म्हणाला.

"लागतात. कारण तू तीन वर्षांतून एकदा येतोस." ऑर्व्हिलने खिडकीकडे बोट केलं. "मी नावं घेत नाही. पण ती बाहेर निळी ताडपत्री आहे, तिच्याखालचं धुण्याचं यंत्र महिनाभर गाव बघतंय. घरांसाठी दार ठोठावत फिरलेल्यांनीसुद्धा."

आता हसणाऱ्यांनी मान वळवली. डॅफ्नी लोरीनच्या कानाशी लागली. "मशीन आहे होय ते? मला वाटलं, गिलच्या कोंबड्यांचं खुराडं."

लोरीनला ते ऐकू आलं नाही. दोन वर्षं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. दोन वर्षं गिलच्या बैठकीतल्या कोचावर, पहाटेच्या बसमध्ये, आणि तोवर डॅफ्नीची सूर्यफुलं दोनदा फुलून जातील. ऑर्व्हिल बोलतोय ते खरं आहे हे तिला कळत होतं. पण त्याहून जास्त हे कळत होतं की आता गावात एकच घर उरलंय जे तिचं होऊ शकतं, आणि त्याची मालकीण तिच्या शेजारी बसून रोलचा तुकडा मोडतेय.

"घरांच्या वाटपाबद्दल तक्रार," विनोना म्हणाली. "लोरीन बॅका. अजून आहे ना तक्रार?"

लोरीन उठली. डॅफ्नीने पाय आत घेऊन तिला वाट करून दिली.

माइकसमोर तिने काय बोलायचं ते जुळवलं नव्हतं, तरी वाक्यं सरळ आली. घर क्रमांक नऊ ज्यांना मिळालं त्यांनी मागच्या वर्षी नऊ महिने गावात काम केलेलं नाही. सप्टेंबरच्या मध्यापासून वर्ष संपेपर्यंत त्या राज्याबाहेर होत्या. नियम सगळ्यांना सारखा असावा. तीन मिनिटांतलं एक मिनिटही लागलं नाही.

"नाव?" विनोनाने विचारलं. तिला माहीत होतं, पण विचारावं लागतं.

"डॅफ्नी ओल्सेन."

लोरीनने जागेकडे बघितलं नाही. विनोनाकडेच बघत राहिली.

"मिस ओल्सेनने ही गैरहजेरी अर्जातच लिहिली होती," विनोना म्हणाली. तिचा आवाज बसमधल्या मुलांना बसवताना असतो तसा होता. "आई-वडील किंवा मूल आजारी असेल तर तो काळ कामात धरला जातो. तिची आई डिसेंबरमध्ये वारली. समितीने हे सोडतीच्या आधीच तपासलंय. तक्रार निकाली. पुढचा विषय, नदीकाठचे दिवे."

दिव्यांवर चर्चा सुरू झाली. लोरीन मधल्या वाटेने थेट बाहेर गेली.

पिकअपचं दार उघडताना मागून पावलं आली. डॅफ्नी ताडपत्रीजवळ येऊन थांबली. तिच्या हातात अजून तो मोडलेला रोल होता.

"आईकडे जाताना मला बसच्या थांब्यावर कुणी सोडलं होतं?" तिने विचारलं.

"मी."

"वाटेत गाडी थांबवून रडले होते मी. तेव्हा गाडीत कोण होतं?"

"मी."

"मग तुला नियमाचं काय पडलं होतं, लोरीन?"

"नियमाचं काही नव्हतं." लोरीनने दाराची मूठ धरून ठेवली. "मला घर हवं होतं. तुला लागलेलं. तू कराला मत दिलं नाहीस, एकदाही बांधकाम बघायला आली नाहीस, आणि तुला लागलं. दुसऱ्या कुणाला लागलं असतं तर मी इतकी जळले नसते."

डॅफ्नीने रोल कागदात गुंडाळला.

"ती वरची खोली," ती म्हणाली, "मी दुसऱ्या कुणाला देईन."

"दे."

"देणारच आहे."

लोरीन गाडीत बसली. आरशात तिला डॅफ्नी पुन्हा सभागृहात जाताना दिसली, दिव्यांची चर्चा ऐकायला. नदीकाठ आता तिचा होता.

रविवारी लोरीन मुद्दाम उशिरा लाँड्रीत गेली. तरी डॅफ्नी होतीच. तिला चावी मिळाली होती, पण घरात मशीन नव्हतं. लोरीनने दोन मशीन सोडून तिसऱ्यात कपडे टाकले आणि दोन खुर्च्या सोडून बसली. तिने खालून आणलेली साबणाची मोठी बाटली पायाशी ठेवली. फेल्टनच्या दुकानाची पिवळी चिठ्ठी तिच्यावर तशीच होती.



"ऑर्व्हिलकडे मशीन सांगितलंय," डॅफ्नी समोर बघत म्हणाली.

"महाग पडेल."

"हो."

"वर गावाचा कर."

"माहीत आहे. भरीन की."

ती ते अगदी सहज म्हणाली. चौदा वर्षांत तिला या गावात कसला कसला हेवा वाटला होता. पाहुण्यांच्या बुटांचा, त्यांच्या सुट्ट्यांचा, अगदी त्यांच्या कुत्र्यांच्या कोटांचाही. पण कर भरणाऱ्याचा हेवा वाटण्याची ही पहिलीच वेळ होती.

डॅफ्नीचं वाळवणयंत्र थांबलं. तिने चादर काढली आणि दोन टोकं हनुवटीखाली दाबून एकटीच घडी घालू लागली. चादर तिरकी झाली, एक टोक फरशीला लागलं. तिने झटकून पुन्हा सुरुवात केली. लोरीन जागची हलली नाही.

"दार कुठल्या बाजूला उघडतं?" तिने विचारलं.

"कसलं दार?"

"मशीनचं. जे सांगितलंस त्याचं."

"मला काय माहीत? उजवीकडे असेल. सगळ्यांचं असतं."

"मग ते जिन्याच्या खांबावर आपटेल. अर्धंच उघडेल. डावीकडे उघडणारं सांग. आणि रुंदी सत्तावीस इंचांच्या वर नको. मागे नळाला चार इंच सोडावे लागतात."

डॅफ्नीने चादरीवरून तिच्याकडे बघितलं. "हे तुला कसं माहीत?"

"भिंती नव्हत्या तेव्हा मोजलं होतं."

डॅफ्नीने चादर छातीशी धरली. काचेतून रस्त्यावरची पिकअप दिसत होती. "तुझं डावीकडे उघडतं?"

"हो."

"विकणार आहेस?"

लोरीनला माहीत होतं की आता हो म्हणणं सोपं आहे. मशीन त्या जागेत नेमकं बसलं असतं. तिने ते जागा बघूनच घेतलं होतं. ऑर्व्हिलचा भाव वाचला असता, डॅफ्नी खूश झाली असती, कदाचित खोलीचंही पुन्हा निघालं असतं. आणि मग रोज, जिन्याखाली, तिचं मशीन डॅफ्नीचे कपडे धूत फिरलं असतं.

"नाही," ती म्हणाली.

"मग ठेवणार कुठे?"

"गिलच्या गॅरेजमध्ये."

"किती दिवस?"

"दुसरी रांग होईपर्यंत."

डॅफ्नीने मान हलवली. कबूल केल्यासारखी, की हिशेब करत असल्यासारखी, ते लोरीनला कळलं नाही. मग डॅफ्नी दोन खुर्च्या ओलांडून आली आणि चादरीची दोन टोकं तिच्यापुढे धरली. लोरीनने उठून ती घेतली. दोघींनी चादर ताणली, एकदा दुमडली, जवळ आल्या, पुन्हा लांब गेल्या. कुणी कुणाकडे बघितलं नाही.

शेवटची घडी डॅफ्नीच्या हातात आली तेव्हा तिची नजर खाली गेली, पिवळ्या चिठ्ठीच्या बाटलीवर.

"मग साबण तरी इथला घेत जा," ती म्हणाली.